लंडनच्या इटालियन चर्चमध्ये विवाह : पहिल्या रविवारपासून नोंदवहीतील शेवटच्या नोंदीपर्यंत

लंडनच्या क्लार्कनवेल रोडवर दुकाने आणि कार्यालये यांच्या रांगेत दोन कमानींचा एक अरुंद दर्शनी भाग आहे. कमानींच्या वर दोन मोझेइक चित्रे आहेत. एकात येशू पेत्राच्या हाती किल्ल्या देत आहे, तर दुसऱ्यात जाळे मासळीने भरून आले आहे. कमानीखालून आत गेल्यावर बाहेरून कल्पनाही येणार नाही इतके उंच आणि लांब, रोममधील जुन्या बासिलिकांच्या धाटणीचे मंदिर दृष्टीस पडते. हे सेंट पीटर्स इटालियन चर्च. माझा जन्म वसईचा, वास्तव्य अनेक वर्षे लंडनचे, आणि माझ्या भाचीचा विवाह याच चर्चमध्ये एका ब्रिटिश-इटालियन मुलाशी झाला. त्यानंतर पुण्याच्या एका हिंदू कुटुंबाच्या मुलीच्या विवाहातही मी पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत बरोबर होते. मराठी घरातील मुलगा किंवा मुलगी इटालियन घरात देताना कोणती कामे कोणत्या क्रमाने करावी लागतात, हे आता बरीच मंडळी विचारतात, म्हणून सर्व माहिती एका ठिकाणी लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. बहुतेक कुटुंबे प्रथम तारीख विचारतात, मग भाडे विचारतात आणि सर्वांत शेवटी माणसांना भेटतात. येथे हा क्रम उलटा ठेवावा लागतो, कारण हे चर्च म्हणजे लग्नासाठी घेतलेले कार्यालय नसून परक्या देशात आलेल्या लोकांनी स्वतःसाठी उभारलेले घर आहे, आणि त्या घरात पाहुणे म्हणून आधी जावे लागते.

चर्च कोणी आणि का उभारले

एकोणिसाव्या शतकात इटलीतील गरीब डोंगराळ भागांतून माणसे लंडनला येऊ लागली. लुक्का परिसरातून प्लास्टरच्या मूर्ती करणारे आले, कोमोकडून वायुभारमापक बनवणारे कारागीर आले, पार्माजवळच्या दऱ्यांतून आणि रोमच्या दक्षिणेकडील चोचारिया भागातून रस्त्यावर दांडा फिरवून वाजणारी बाजाची पेटी वाजवणारे, चेस्टनट भाजून विकणारे आणि पुढे आइस्क्रीम विकणारे आले. सॅफ्रन हिल, आयर स्ट्रीट हिल, वॉर्नर स्ट्रीट या गल्ल्यांत ते दाटीवाटीने राहत असत. याच वस्तीला लोक ‘लिटल इटली’ म्हणू लागले. रोममधील धर्मगुरू संत व्हिन्सेंट पालोत्ती यांनी १८४०च्या दशकात या स्थलांतरितांसाठी स्वतंत्र चर्च असावे अशी कल्पना मांडली. ते स्वतः १८५० साली निवर्तले, परंतु त्यांच्या संघाच्या धर्मगुरूंनी काम पुढे नेले आणि १८६३ साली चर्च उघडले. रोममधील त्रास्तेव्हेरे भागातील सान क्रिसोगोनो बासिलिकेचा नमुना त्यासाठी समोर ठेवला होता.

प्रवेशकमानीखाली जी स्मारके आहेत, त्यांच्यापुढे थोडा वेळ थांबावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. १० जून १९४० रोजी इटलीने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्यानंतर लंडनमधील इटालियन दुकानदार, आचारी, वेटर यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक झाली. त्यांपैकी अनेकांना ‘अरांडोरा स्टार’ या जहाजावरून कॅनडाला पाठवले जात असताना २ जुलै १९४० रोजी जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले आणि चारशेहून अधिक इटालियन माणसे मृत्युमुखी पडली. तुमच्या होणाऱ्या व्याह्यांच्या घरातील एखादे आडनाव या दुःखाशी जोडलेले असू शकते. त्याची जाणीव ठेवून बोलणारा माणूस त्या घराला लवकर आपला वाटतो.

पहिले पाऊल : तारखेआधी काही रविवार

विवाहाच्या निदान आठ-दहा महिने आधीपासून वधूवरांनी रविवारच्या इटालियन मिस्सेला म्हणजे चर्चमधील सामूहिक उपासनेला नियमित जावे. घरातील वडीलधाऱ्यांना शक्य असेल तेव्हा त्यांनीही जावे. भाषा समजत नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. मिस्सेचा क्रम जगभर एकच असल्याने वसई, मुंबई किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला केव्हा उभे राहायचे आणि केव्हा गुडघे टेकायचे हे आपोआप कळते. हिंदू कुटुंबाने मागच्या बाकांवर बसून इतरांबरोबर उठावे-बसावे, एवढे पुरे. पादत्राणे काढावी लागत नाहीत. खांदे झाकलेले असावेत. साडी किंवा सलवार-कमीज यांत काहीच प्रश्न येत नाही.

मिस्सा संपल्यावर लगेच घरी निघू नये. लोक दाराशी आणि आजूबाजूला बराच वेळ बोलत थांबतात, आणि खऱ्या ओळखी तेथेच होतात. चर्चच्या शेजारी तेर्रोनी नावाचे १८७८ सालापासूनचे इटालियन किराणा दुकान आहे. चीज, सॉसेज, कॉफी घेण्यासाठी तेथे माणसे जमतात. मुलाकडची आजी सोबत असेल, तर तिला ‘नोन्ना’ म्हणावे आणि तिच्या ओळखीच्यांशी ती ओळख करून देत असताना घाई करू नये, कारण ‘ही आमच्या नातवाची’ असे तिने चारचौघांत सांगणे हा त्या समाजातील पहिला अनौपचारिक साखरपुडाच असतो.

वर्षातील एक दिवस मात्र चुकवू नये. कार्मेल पर्वताच्या मातेचा सण १६ जुलै रोजी असतो आणि त्याला लागून येणाऱ्या रविवारी या भागातून मिरवणूक निघते. ही परंपरा १८८०च्या दशकापासूनची आहे. संतांच्या मूर्ती, झेंडे, बायबलमधील प्रसंगांचे वेश केलेली माणसे, नुकताच पहिला ख्रिस्तप्रसाद घेतलेली पांढऱ्या कपड्यांतील मुले असा मोठा समुदाय रस्त्यांवरून चालतो, आणि खाली वॉर्नर स्ट्रीटमध्ये ‘साग्रा’ म्हणजे खाण्यापिण्याची जत्रा भरते. वसईत चर्चच्या सणाला गावोगावचे पाहुणे घरी येतात, त्याची मला दर वेळी आठवण होते. बेडफर्डला किंवा स्कॉटलंडला स्थायिक झालेले जुने शेजारीही या दिवशी परत येतात. होणाऱ्या जोडप्याने या दिवशी नुसते पाहायला जाऊ नये, काही काम मागून घ्यावे. जत्रेच्या टेबलांवर मदतीची गरज नेहमीच असते. आणि त्याच शनिवार-रविवारी विवाहाची तारीख मागू नये, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे पाऊल : धर्मगुरूंची भेट

इंग्लंडमध्ये साधारणपणे किमान सहा महिने आधी धर्मगुरूंना भेटावे लागते. उन्हाळ्यातील शनिवार हवा असेल तर त्याहूनही आधी जावे. लेंट म्हणजे उपवासकाळात विवाह शक्यतो ठेवला जात नाही, ठेवलाच तर सजावट आणि थाटमाट मर्यादित ठेवावा लागतो. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार या दिवशी विवाह होत नाहीत. म्हणून आपल्या पंचांगातील मुहूर्त काढून ठेवला असेल, तरी तो चर्चच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नये.

पहिल्या भेटीत धर्मगुरू एक महत्त्वाचा प्रश्न विचारतात : तुम्ही राहता कोठे? चर्चच्या कायद्यानुसार विवाह वधू किंवा वर ज्या धर्मग्रामात म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत राहतात तेथे व्हावा, आणि अन्यत्र करायचा असेल तर परवानगी घ्यावी, असा नियम आहे. त्यामुळे वेम्ब्लीत किंवा क्रॉयडनमध्ये राहणाऱ्या जोडप्याला आपल्या राहत्या भागातील कॅथलिक धर्मगुरूंचीही भेट घ्यावी लागते आणि कागदपत्रांचे काही काम त्यांच्याकडेच होते. हे अनेकांना उशिरा कळते.

यानंतर वधू आणि वर यांची स्वतंत्रपणे चौकशी होते. दोघेही स्वेच्छेने लग्न करत आहेत का, याआधी विवाह झाला आहे का, आयुष्यभराचे नाते, एकनिष्ठा आणि मुले यांविषयी त्यांची समज काय आहे, असे प्रश्न असतात. ही परीक्षा नव्हे, परंतु पाठ केलेली उत्तरे देऊ नयेत. त्याच काळात विवाहपूर्व शिबिर पूर्ण करावे लागते. इटालियन कुटुंबे त्याला ‘कोर्सो’ म्हणतात. ज्यांना इटालियन समजत नाही त्यांनी इंग्रजी शिबिर कोठे होते ते त्याच भेटीत विचारून ठेवावे.

तिसरे पाऊल : चर्चचे कागद

कॅथलिक व्यक्तीकडून प्रामुख्याने तीन गोष्टी लागतात. स्नानसंस्काराचा म्हणजे बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाची म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराची नोंद, आणि लग्नासाठी मोकळे असल्याचे मूळ धर्मग्रामाचे पत्र. यांतील पहिल्या दाखल्याबाबत आमच्याकडून झालेली चूक सांगते. माझ्या बहिणीने मुलीचा बालपणीचा दाखला जिवापाड जपला होता, इतका की तो लॅमिनेट करून घेतला होता. त्यावरील शाई अजूनही ताजी दिसत होती. फादरांनी तो दोन्ही हातांत धरून आदराने पाहिला आणि परत दिला, कारण दाखला गेल्या सहा महिन्यांत नव्याने काढलेला असावा लागतो. कारण सोपे आहे. माणसाचा विवाह झाला की त्याची नोंद त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदवहीत समासात केली जाते. नवा दाखला काढताना धर्मगुरू ती नोंदवही उघडून पाहतात, आणि समास कोरा असला म्हणजे माणूस मोकळा आहे हे सिद्ध होते. पंचवीस वर्षांपूर्वीचा कागद ते सांगू शकत नाही.

वसईतून येणारी कागदपत्रे वसई धर्मप्रांताच्या म्हणजे तेथील बिशपांच्या कार्यालयामार्फत लंडनच्या वेस्टमिन्स्टर महाधर्मप्रांताच्या कार्यालयाकडे जातात. दोन कार्यालयांमधील हा प्रवास गृहीत धरून भारतातील कामाला निदान दोन महिने ठेवावेत. लग्नसराईच्या दिवसांत गावच्या धर्मगुरूंकडेही रांग असते.

हिंदू-कॅथलिक विवाह : ज्या गोष्टी आधीच बोलाव्यात

हा भाग सर्वांत नाजूक आहे आणि सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पहिला गैरसमज धर्मांतराचा आहे. कॅथलिक चर्चमध्ये विवाह करण्यासाठी हिंदू व्यक्तीला धर्म बदलावा लागत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिक व्यक्तीचा विवाह हा चर्चच्या कायद्याने अडथळा मानला आहे, परंतु तो अडथळा बिशपांच्या सूट-पत्राने दूर होतो. धर्मगुरू अर्ज करतात, बिशपांचे कार्यालय सूट देते आणि मगच तारीख पक्की धरावी.

दुसरा गैरसमज वचनाविषयी आहे. आपली श्रद्धा टिकवीन आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी माझ्या परीने सर्व काही करीन, असे वचन केवळ कॅथलिक व्यक्ती देते. हिंदू जोडीदाराकडून वचन किंवा सही घेतली जात नाही. जोडीदाराने असे वचन दिले आहे, याची त्याला किंवा तिला कल्पना दिली जाते. परंतु याचा अर्थ त्यावर घरात बोलायची गरज नाही असा मुळीच नाही. मुलांचे नाव, बारसे, बाप्तिस्मा, मुंज या विषयांवर दोघांनी लग्नाआधीच स्पष्ट बोलून घ्यावे. पुण्याच्या त्या कुटुंबात मुलीच्या आजोबांनीच हा विषय जेवणाच्या टेबलावर शांतपणे काढला आणि त्यामुळे पुढचे कितीतरी अवघड प्रसंग टळले.

तिसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या पद्धतीचा विधी. चर्चच्या कायद्यानुसार त्याच विवाहाची संमती पुन्हा व्यक्त करणारा दुसरा धार्मिक विवाहविधी आधी किंवा नंतर करता येत नाही, आणि दोन धर्मांच्या पुरोहितांनी एकाच वेळी आपापल्या पद्धतीने संमती घेणेही चालत नाही. ‘सकाळी चर्च, संध्याकाळी मंगल कार्यालय’ असे गृहीत धरणाऱ्यांची येथे मोठी अडचण होते. ती टाळण्याचा एक मार्ग मी सुचवते. घरात करावयाच्या सर्व विधींची यादी कागदावर काढावी आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ एका वाक्यात लिहावा. केळवण, मेंदी, हळद, उखाणे, माप ओलांडून गृहप्रवेश हे कुटुंबाचे आनंदाचे आणि आशीर्वादाचे प्रसंग आहेत. कन्यादान, लाजाहोम आणि सप्तपदी हे मात्र हिंदू पद्धतीत साक्षात विवाहच आहेत. हा फरक आपण स्वतःच मांडून दाखवला, की धर्मगुरूंना उत्तर देणे सोपे जाते आणि कशाला हरकत आहे, कशाला नाही, हे वेळेवर कळते. त्यांच्यापासून लपवून भारतात दुसरा समारंभ उरकू नये. कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी वचनानेच सुरू होणाऱ्या संसाराची सुरुवात लपवाछपवीने व्हावी, हे मला योग्य वाटत नाही.

चौथी गोष्ट नोंदणीची. व्हिसाच्या सोयीसाठी काही जोडपी भारतात विशेष विवाह कायदा, १९५४ खाली आधी नोंदणी करून घेतात. तसे केल्यास ते कायद्याने पती-पत्नी झालेले असतात आणि इंग्लंडमध्ये पुन्हा विवाहाची नोटीस देऊ शकत नाहीत. चर्चमधील विधी मग केवळ धार्मिक स्वरूपाचा राहतो आणि त्याची कागदपत्रे वेगळी असतात. असे करणार असाल तर आधी धर्मगुरूंना सांगावे.

चौथे पाऊल : इंग्लंडचा कायदा

इटलीत चर्च आणि सरकार यांच्यातील १९२९च्या करारानंतर चर्चमधील विवाह नगरपालिकेच्या नोंदीत उतरवता येतो, त्यामुळे इटालियन नातेवाइकांना वाटते की लंडनमध्येही धर्मगुरू सर्व पाहतील. तसे नाही. येथे वधू आणि वर दोघांनीही आपापल्या भागातील रजिस्ट्रार कार्यालयात स्वतः जाऊन नोटीस द्यावी लागते. त्यापूर्वी किमान सात पूर्ण दिवस त्या भागात वास्तव्य असावे लागते. नोटिशीनंतर किमान २८ दिवस थांबावे लागते. जोडप्यातील एक जण ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक नसेल आणि युरोपीय नागरिकांसाठीच्या ‘ईयू सेटलमेंट’ योजनेखालील दर्जाही त्याच्याकडे नसेल, तर दोघांनी मिळून ठरावीक कार्यालयात जावे लागते आणि हा काळ ७० दिवसांपर्यंत वाढू शकतो. नोटीस एका वर्षापर्यंत चालते, म्हणून ती लवकर देण्यात तोटा नाही.

नोटीस देताना विवाहाची जागा सांगावी लागते. चर्च तुमच्या राहत्या भागात नसेल, तर ते तुमचे नेहमीचे उपासनास्थान आहे या आधारावर ते निवडता येते. सुरुवातीला जे रविवार सांगितले, त्यांचा उपयोग येथे कायद्यासाठीही होतो.

वधू किंवा वर भारतातून केवळ लग्नासाठी येत असेल, तर साधा पर्यटक व्हिसा चालत नाही. त्या व्हिसावर नोटीसही देता येत नाही आणि विवाहही करता येत नाही. विवाह करून परत जाणाऱ्यांसाठी वेगळा मॅरेज व्हिजिटर व्हिसा असतो, आणि लग्नानंतर येथेच राहणाऱ्यांना कौटुंबिक व्हिसाचा मार्ग घ्यावा लागतो. पाहुण्यांना मात्र साधा व्हिसा पुरतो.

मे २०२१पासून चर्चमध्ये मोठ्या नोंदवहीऐवजी ‘मॅरेज शेड्यूल’ नावाच्या एका कागदावर सह्या होतात, आणि त्यावर आता वडिलांबरोबर आईचेही नाव लिहिले जाते. हा कागद २१ दिवसांच्या आत रजिस्ट्रार कार्यालयात पोहोचला पाहिजे, तेव्हाच विवाहाची नोंद होते. तो कोण नेऊन देणार, हे लग्नाच्या दिवशी गडबडीत ठरवू नये. आधीच एका माणसाचे नाव ठरवून ठेवावे.

पाचवे पाऊल : विधीची आखणी

दोघेही कॅथलिक असतील तर विवाह बहुधा मिस्सेत होतो. एक जण बाप्तिस्मा न झालेला असेल तर त्यासाठी स्वतंत्र विधी आहे. त्यात प्रार्थना, बायबलवाचन, संमती आणि अंगठ्या असतात, परंतु मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद नसतात. हे ऐकून काही इटालियन आज्यांना वाईट वाटते. त्यांना मुलाच्या आईकडून आधी सांगितलेले बरे, विधीच्या दिवशी त्यांना धक्का बसू देऊ नये. मिस्सेत विवाह असेल आणि पाहुण्यांत हिंदू मंडळी असतील, तर ख्रिस्तप्रसादाच्या वेळी त्यांनी जागेवर बसून राहावे किंवा हात छातीवर दुमडून पुढे जाऊन आशीर्वाद घ्यावा.

भाषांची सांगड आनंदाने घालता येते. कायद्याने ठरवून दिलेली वाक्ये इंग्रजीत म्हणावी लागतात, बाकी वाचने आणि गीते इटालियनमध्ये होऊ शकतात. इटालियन विधीत २००४ साली एक सुंदर बदल झाला. पूर्वी वर-वधू ‘मी तुला घेतो’ असे म्हणत, आता ‘मी तुझा स्वीकार करतो’ या अर्थाने ‘इओ आक्कोल्गो ते’ असे म्हणतात. भाचीने हे तीन शब्द आठवडाभर बसमध्ये पाठ केले होते. मराठीसाठीही जागा मागावी. आमच्याकडे बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रीतीचा अध्याय मराठीत वाचला गेला, आणि पुण्याच्या कुटुंबात लोकांच्या प्रार्थनांपैकी एक मुलीच्या काकूने मराठीत म्हटली. इटालियन भाषांतर छापील पुस्तिकेत शेजारी दिले होते.

दोन साक्षीदार लागतात. ते कोणत्याही धर्माचे असू शकतात, त्यामुळे हिंदू बहीण किंवा मित्र साक्षीदार होण्यास हरकत नाही. इटालियन घरांत ‘तेस्तिमोने’ होणे हा मोठा मान असतो आणि ते नाते पुढे जन्मभर पाळले जाते. सहीपुरता कोणीतरी पकडून आणू नये. वधूला कोणी आत आणावे याबाबत विधीत सक्ती नाही. वडील, आई-वडील दोघे, किंवा वधूवर एकत्रही प्रवेश करू शकतात. पुण्याच्या वधूला वडिलांनी दारापर्यंत आणि मामांनी वेदीपर्यंत आणले. मामाचा मान काय असतो हे मी मुलाच्या आईला सांगितले, तेव्हा तिने ते लगेच स्वीकारले.

फुले, छायाचित्रकार आणि संगीत यांविषयीचे नियम लेखी घ्यावेत. चर्चला द्यावयाची रक्कम बंद लिफाफ्यात द्यावी, आणि वादकाचे मानधन त्यात धरले आहे की वेगळे, हे विचारून घ्यावे. हा भाग मध्य लंडनच्या वाहतूक-कर क्षेत्रात येतो, म्हणून पाहुण्यांना फॅरिंग्डन किंवा चान्सरी लेन स्थानकावर उतरून चालत येण्यास सांगावे. दोन्ही जवळ आहेत.

तांदूळ, बदाम आणि पाकिटे

विधी संपवून जोडपे बाहेर आले की इटालियन लोक त्यांच्यावर तांदूळ उधळतात. आपल्या अक्षतांशी हे इतके जुळते की मराठी पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येते. मात्र तांदूळ कोठे उधळता येतील हे चर्चला आधी विचारावे, कारण दारापुढे वाहता रस्ता आहे आणि पायरीवरचे तांदूळ निसरडे होतात. आपल्या अक्षता कुंकवाने माखलेल्या असतात आणि वधूचा पांढरा पोशाख त्याने कायमचा डागतो. त्या दिवशी कोरडे, साधे तांदूळच वापरावेत.

पाहुण्यांना परत भेट म्हणून ‘बोम्बोनिएरा’ देतात, आणि तिच्यात साखरेचे कवच असलेले पाच पांढरे बदाम असतात. आरोग्य, समृद्धी, सुख, संतती आणि दीर्घायुष्य असे त्यांचे पाच अर्थ सांगतात; संख्या विषम, म्हणजे दोघांत न विभागली जाणारी. लग्नाआधीच्या शनिवारी आम्ही मुलाच्या आजीच्या स्वयंपाकघरात हे बदाम बांधायला बसलो होतो. टेबलावर जाळीच्या कापडाचे गोल तुकडे, रिबिनीची रिळे आणि मधोमध बदामांचे पातेले. आजी मोठ्याने मोजायची, ‘ऊनो, दूए, त्रे, क्वात्रो, चिंक्वे’, आणि गाठ मारायची. माझी बहीण शेजारी बसून ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ मोजत होती. एका पुडीत चुकून सहा बदाम गेले, ते आजीने केवळ वजनावरून ओळखले आणि गाठ सोडून एक बदाम बहिणीच्या तोंडात घातला. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्दही येत नव्हता. असे निमंत्रण आले तर ते कधीही टाळू नये.

आहेराबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. इटालियन पाहुणे बहुधा ‘बूस्ता’ म्हणजे पाकीट देतात आणि आपल्यालाही ती पद्धत परकी नाही. जेवण मात्र अनेक टप्प्यांचे आणि फार लांब चालणारे असते, म्हणून शाकाहारी पाहुण्यांची संख्या आणि ‘मासे, मांसाचे सूप आणि हॅम यांपैकी काहीच नाही’ हे आचाऱ्याला स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. ‘शाकाहारी’ एवढाच शब्द पुरेसा पडत नाही.

लग्नानंतरची कामे

विवाहाची नोंद झाली की प्रमाणपत्राच्या चार-पाच प्रती एकदमच मागवाव्यात. जोडीदार इटालियन नागरिक असेल, तर त्याचे नाव परदेशस्थ इटालियन नागरिकांच्या ‘आइरे’ या नोंदणीत असायला हवे. ब्रिटिश विवाह-प्रमाणपत्रावर अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का घेऊन, त्याचे इटालियन भाषांतर जोडून ते इटालियन वकिलातीकडे द्यावे लागते, आणि तेथून ते त्याच्या मूळ गावच्या नगरपालिकेत पोहोचून नोंदले जाते. हे काम वर्षानुवर्षे राहून जाते आणि पुढे मुलांच्या कागदपत्रांच्या वेळी अडते. इटालियन कायद्यात लग्नानंतरही स्त्रीचे जन्मनाव कायम राहते, त्यामुळे ब्रिटिश किंवा भारतीय पासपोर्टवर आडनाव बदलण्याआधी सर्व कागदांवर नाव कसे दिसेल याचा विचार करावा. परदेशात राहणाऱ्या जोडीदाराला इटालियन नागरिकत्वासाठी साधारण तीन वर्षांनी अर्ज करता येतो, मुले असल्यास निम्म्या काळाने, आणि त्यासाठी इटालियन भाषेची बी-१ म्हणजे मध्यम पातळी सिद्ध करावी लागते. भाषेचा वर्ग म्हणूनच लग्नाच्या आधी सुरू करावा. चर्चमधील ओळखींतून शिकवणारे कोणी ना कोणी मिळते.

शेवटचे काम पत्राचे आहे. विवाह झालेल्या चर्चने त्याची सूचना कॅथलिक वधूवरांच्या स्नानसंस्काराच्या चर्चला कळवायची असते. ती गेली की नाही हे महिन्याभरानंतर नम्रपणे विचारावे, कारण परदेशी पत्ता अपुरा असेल तर ती वाटेतच अडकते. आमच्या बाबतीत एक अक्षर चुकल्याने सूचना परत आली होती. आम्ही पत्ता दुरुस्त करून दिला. चार महिन्यांनी माझी बहीण गावच्या चर्चमध्ये गेली, फादरांनी मुलीच्या जन्मसालाची नोंदवही काढली, आणि जुन्या निळ्या शाईतील तिच्या नावाशेजारच्या कोऱ्या समासात ताज्या काळ्या शाईने लिहिलेले तिला वाचायला मिळाले : वराचे नाव, तारीख, सेंट पीटर्स, लंडन.